करवंट्यांची वीज

कोकणातल्या एका गावात रघबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. टाळलं असतं तर बरं झालं असतं.

गावच्या शाळेत परुळेकरबाई विज्ञान शिकवत. करवंट्यांच्या कोळशापासून वीज साठवणारी डबी करायची आणि शुक्रवारी तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे तिच्यावर दिवा लावून दाखवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. हाताखाली रघबाला घेतलं. "दिवा लागला तर तुला प्रयोगशाळेत कायमचं ठेवून घेईन," म्हणाल्या. रघबा हरखला. लगोलग घरी जाऊन आईला सांगून आला.

"करवंट्या भट्टीत भाज," बाई म्हणाल्या. रघबाने भट्टी सताड उघडी ठेवून फुंकणीने जाळ केला. उरली मूठभर राख.

"अरे, कोळसा हवा होता! झाकण घट्ट लावायचं. वारं लागू द्यायचं नाही."

"बरं, बाई."

दुसऱ्या खेपेला कोळसा झक्क झाला. बाईंनी तो धुतला नि वाळवायला सांगितला. रघबाने ओला कोळसा डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. दोन दिवसांनी बघतात तो आत नुसता चिखल!

"वारं लागू दिलं नाही, बाई!"

"अरे देवा! मोकळ्या वाऱ्यावर पसरायचा!"

"बरं, बाई."

कोळसा वाळला, कुटून मैद्यासारखी भुकटी झाली. "जपून ठेव," म्हणून बाई वर्गावर गेल्या. रघबाने ती ओट्यावर, मोकळ्या वाऱ्यावर, पसरली. शेजारच्या म्हाळसाकाकूंचे पापड काळे झाले आणि काकू लाल झाल्या.

बाईंनी कपाळावर हात मारला. उरलीसुरली भुकटी स्वतः गोळा केली, दोन पत्र्यांवर लिंपली, ते पत्रे मिठाच्या पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत बसवले. वीज भरली. दिवा लागला! रघबा नाचलाच.

"एवढ्याशा डबीत इतकी वीज मावते कशी, बाई?"

"कोळशाच्या बारीक भोकांमुळे. जितकी भोकं जास्त, तितकी वीज जास्त."

"बरं, बाई."

शुक्रवारी बाई साहेबांना आणायला फाटकाशी गेल्या. रघबाने डबी फिरवून फिरवून पाहिली. एकही भोक नाही! घाईत बाई विसरल्या असतील, बिचाऱ्या. त्याने दाभण घेतलं.

साहेब आले. बाईंनी बटण दाबलं. दिवा ढिम्म. टेबलावरून पाणी मात्र साहेबांच्या बुटांवर ठिबकू लागलं.

"हे काय?" साहेब ओरडले.

रघबाची छाती फुगली. "चाळीस भोकं पाडलीत, साहेब! वीज मावेना, उतू चाललीय. बाई, मग मी कायमचा ना?"