चांद्या बैलाचं फुगलेलं पोट

एक होता राजा, आणि त्याचा सगळा जीव होता एका बैलात. बैलाचं नाव चांद्या. केवढा होता, ठाऊक आहे? उभा राहिला की शिंगांत ढग अडकायचे. अख्ख्या राज्याची जमीन तो एकटा नांगरायचा, बरं का!

मग आला पोळा. चांद्याला न्हाऊ घातलं, झूल चढवली, दारोदारी मिरवलं. आणि संध्याकाळी चांद्या मटकन खाली बसला. उठेचना. डावी कूस ही टम्म फुगलेली! श्वाससुद्धा धड घेता येईना.

राणीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. काही नाही. पहिलवानांनी ओढून पाहिलं. तसूभर हलला नाही. मग राजाने गळ्यात हात घालून हाका मारल्या. चांद्याने नुसता एक डोळा किलकिला केला.

मग आली गुरांची डॉक्टरीण, सुगंधाबाई. शिडी लावून वर चढली. कुशीवर टिचकी मारली. ढम्म! नगाराच जसा. कानाला नळी लावून ऐकलं. आत सगळं गप्प.

"महाराज, ह्याने आज खाल्लं काय?"

"नेहमीचाच चारा. आणि मी पुरणपोळी भरवली. एकच हो!"

राणी म्हणाली, "मीही एकच."

स्वयंपाकीण म्हणाली, "मी तरी कुठं दोन दिल्या?"

बाहेरून सगळं गाव ओरडलं, "आम्हीपण एकेकच!"

सुगंधाबाईने कपाळाला हात लावला. "अहो, माणूस 'पुरे' म्हणतं. ह्या मुक्या जिवाने कसं म्हणायचं?"

राजाची मान खाली गेली. "वाचेल ना हो, बाई?"

"प्रयत्न करू. या, कूस चोळा."

मग तिने गोड्या तेलात सोडा कालवला आणि बांबूच्या नळीने पाजला. ठसका लागू नये म्हणून घोट घोट, हळूहळू. राजा चोळतोय, चोळतोय, घामाघूम झालाय... आणि मग चांद्याने दिला ढेकर! असा दिला, की राजाची पगडी उडून शेजारच्या राज्यात पडली. आणायला कुणी गेलंच नाही. चांद्या उठून उभा राहिला होता ना!

मग राजाने वेशीपाशी गुरांचा दवाखाना बांधला. तिथं शेळ्या आल्या, कुत्री आली, पंख मोडलेली एक चिमणीसुद्धा आली. सुगंधाबाई सगळ्यांना तपासायची. आणि पोळ्याला त्या गावात पोळी बैलाच्या तोंडाला नुसती लावायची, खायची मात्र पोरांनी.

झालं. चांद्या आता गोठ्यात रवंथ करत पेंगतोय. तुम्हीही मिटा बघू डोळे.