शिडाचं मडकं

काळ इतका जुना, की तेव्हाचे रस्तेही आता शेतांखाली गेले आहेत. त्या काळी, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात एक मुलगी राजधानीहून शिकून परत आली. राजानं तिला खोऱ्यातल्या लोकांची मोजणी करायला पाठवलं होतं. तिला वाटलं होतं, आपलीच माणसं जास्त भरावीत म्हणून लोक भांडतील, मेलेल्या माणसांची घरंही जिवंत म्हणून सांगतील. प्रत्यक्षात घडलं ते अगदी उलट. त्याला काय म्हणावं, हे तिला कुठल्याच गुरूनं शिकवलं नव्हतं.

खोऱ्यात चार तऱ्हेचे लोक राहत. डोंगरवाले सगळ्यांत जुने. नदीवाले मासे धरत आणि भात लावत. ती मुलगी त्यांच्यातलीच. मेंढरंवाले उत्तरेच्या माळावरून कधीतरी आले आणि इथलं गवत बघून राहिले. चौथे दर्यापारचे. त्यांचे पूर्वज एका फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले होते आणि चालत चालत इथवर आले होते. वर्ण काळाभोर, केस कुरळे, आणि घरं सगळी मिळून तीसेक. ते चुन्याच्या भट्ट्या लावत. खोऱ्यातली एकूण एक भिंत त्यांच्याच चुन्यानं पांढरी झालेली होती.

राजाचा हुकूम साधा होता. चार मडकी ठेवायची. एकावर डोंगर काढायचा, एकावर मासा, एकावर मेंढी आणि एकावर शीड. प्रत्येक घरानं आपापल्या लोकांच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. ज्यांचं मडकं गळ्यापर्यंत भरणार नाही, त्यांना त्यांच्यासारख्यांच्या मुलखात नेऊन वसवायचं.

हुकूम काढणाऱ्यांना यात वाईट काही दिसत नव्हतं. एका मुलखात एकाच तऱ्हेचे लोक असले की न्याय सोपा, कर सोपा, शाळा सोपी. ती मुलगीही हेच शिकली होती, आणि मनापासून शिकली होती. थोडेसे लोक परक्यांत राहिले की सुकून जातात. त्यांना त्यांच्या माणसांत नेणं हीच दया, असं तिला वाटे.

मोजणीच्या आदल्या दिवशी मोतन तिच्याकडे आली. मोतन दर्यापारच्यांची पुढारी. हात चुन्यानं भाजलेले, आवाज भट्टीच्या पलीकडे ऐकू जाईल असा.

"काय गं मोजणीबाई, आमचं मडकं भरेल का?"

"नाही भरणार, मोतनमावशी. पण घाबरू नका. राजा तुम्हाला दर्याकाठी जमीन देणार आहे. तिथं तुमच्यासारखे पुष्कळ लोक आहेत. तुमच्या बोलीतली शाळा असेल, तुमचा स्वतःचा मुलूख असेल!"

"दर्या?" मोतननं कपाळाला हात लावला. "अगं, विहिरीत वाकून पाहिलं तरी मला भोवळ येते. आणि बोली म्हणशील, तर माझ्या सासूला त्या बोलीतल्या शिव्या तेवढ्या येत होत्या. त्याच मी शिकले. शाळेत त्या शिकवणार आहेत का?"

मुलीला हसू आलं. तरी ती म्हणाली, "पण मावशी, तुमचे लोक तिथं आहेत."

मोतन उठली. "माझी लेक डोंगरवाल्यांत दिली आहे. माझा नवरा गेला तेव्हा त्याला तुझ्या मामानं खांदा दिला. तू शिकलेली आहेस, लेकी. माझे लोक कोण ते तूच मोज."

मुलीला वाईट वाटलं. पण हुकूम हुकूम होता, आणि आपण भलंच करतो आहोत अशी तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी चावडीच्या आत चार मडकी मांडली. मुलगी बाहेर उंबऱ्याशी पाठमोरी बसली. प्रत्येक घरातल्या एकानं एकट्यानं आत जायचं, चिंचोका टाकायचा आणि बाहेर यायचं. आत कुणी पाहायचं नाही. आपण कोण, हे माणसानं स्वतः ठरवावं; दुसऱ्यानं त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नये, असं तिचं मत होतं. हे मत चांगलंच होतं.

लोक येत राहिले. त्यांचे चेहरे मात्र तिला विचित्र वाटले. जो बाहेर येई तो गालातल्या गालात हसत असे. तिचे मामा, नदीवाल्यांचे पुढारी, तर मिशीला पीळ देतच बाहेर आले.

"मामा, एवढी कसली खुशी?"

"मोजणी आहे ना, पोरी! माणसानं कधीतरी मोजून घ्यावं. बरं असतं."

ऊन उतरल्यावर मुलगी आत गेली आणि दारातच थबकली. शिडाचं मडकं शिगोशीग भरून सांडलं होतं. चिंचोके जमिनीवर पसरले होते. बाकीच्या तीन मडक्यांत मात्र तळाशी मूठभर चिंचोके होते.

हुकुमाप्रमाणे आता डोंगरवाले, नदीवाले आणि मेंढरंवाले, सगळ्यांनाच खोरं सोडून जावं लागणार होतं.

तिनं तिघा पुढाऱ्यांना बोलावलं. मामा आले. डोंगरवाल्यांचे कान्हूबाबा आले. मेंढरंवाल्यांची आक्का काठी आपटत आली. तिघांनी मडकी पाहिली आणि एकमेकांची तोंडं पाहिली.

"कान्हूबाबा, तुम्हीसुद्धा?" मामा म्हणाले.

"सुद्धा म्हणजे काय? ही युक्ती माझी होती!" कान्हूबाबा उखडले. "मी म्हटलं, आम्ही ढीगभर आहोत. थोडी घरं शिडात गेली तर आमचं काय बिघडतं? मोतनचे लोक तरी राहतील. मी निम्म्या घरांना सांगितलं होतं. गेले सगळेच! म्हणे, दुसरा जाईल न जाईल, आपण जाऊन यावं."

"माझ्याही लोकांनी तेच केलं," मामा पुटपुटले. "मीही तेच केलं."

"अरे, मग मला विचारायचं तरी!" आक्का ओरडली. "मी माझ्या माणसांना शपथ घातली होती, नदीवाल्यांना सांगू नका म्हणून. त्यांच्या पोटात काही राहत नाही, राजापर्यंत जाईल."

आणि मग, घर जाण्याची वेळ आलेली ती तिघं माणसं हसू लागली. मुलगीही हसली. हसता हसता ती तीन मडक्यांपाशी गेली आणि तिच्या मनात आलं: सगळेच जर शिडात गेले, तर हे मूठमूठ चिंचोके कुणाचे?

मोतन दारात येऊन उभी राहिली होती. ती सांडलेले चिंचोके पाहत होती.

"ते आमचे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी माझ्या लोकांना सांगितलं, आपण वाटून जाऊ. काहींनी डोंगरात टाका, काहींनी माशात, काहींनी मेंढीत. शिडाच्या मडक्यात चिंचोकाच नसला, तर हलवायचं कुणाला? दर्यापारचे म्हणून कुणी उरलेच नाहीत, असं राजाला वाटेल आणि आम्ही राहू."

आता कुणी हसेना. शिडाचं मडकं भरून वाहत होतं, आणि त्यात दर्यापारचा एकही चिंचोका नव्हता.

मामांनी घसा खाकरला. "यात अवघड काय आहे? चिंचोके पुष्कळ आहेत. चारही मडक्यांत सारखे वाटू. चारही गळ्यापर्यंत भरतील. दरबारात काय एकेका चिंचोक्याला जात विचारणार आहेत?"

"बेस!" आक्का म्हणाली. कान्हूबाबांनीही मान डोलावली.

मुलीनं मोतनकडे पाहिलं.

"कर तसं," मोतन म्हणाली. "आम्ही सुटू. तुम्हा सगळ्यांचे उपकार फिटायचे नाहीत. फक्त उद्या माझ्या नातवानं विचारलं, आजी, आपण कोण, तर काय सांगू? गप बस, ते मोठ्यानं बोलायचं नसतं, असं सांगू?"

मुलीनं चावडीला कडी घातली आणि सकाळी सांगते म्हणाली.

पुढे त्या खोऱ्यातून कुणालाच हलवावं लागलं नाही, हे आपण आत्ताच सांगून टाकू. पण तिला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की खोटी मोजणी नेली तर आज सगळे वाचतील, आणि खरी नेली तर मोतनचं घर जाऊ शकेल. शिवाय, दया म्हणून जे ती शिकून आली होती, त्याच दयेच्या भीतीनं एका बाईनं आपलं नाव पुसून टाकलं होतं.

सकाळी चावडीपुढे सगळं खोरं जमलं. मुलगी पायरीवर उभी राहिली.

"कालची मडकी मी रिकामी करणार नाही," ती म्हणाली. "कुंभाराकडून आणखी चार आणा. आज पुन्हा मोजू. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, आणि खरं खरं. मग आठही मडकी घेऊन मी दरबारात जाणार. कोण किती आहेत ते राजा आजच्या मडक्यांत पाहील. हुकुमानं तुम्हाला काय करायला लावलं, ते कालच्या मडक्यांत पाहील. आणि दोन्ही पाहून झाली की मी सांगेन, हा हुकूम चुकीचा आहे. कालपरवापर्यंत मलाही तो बरोबर वाटत होता, हेही सांगेन."

"आणि राजा रागावला तर, पोरी?" मामांनी विचारलं.

"तर माझं काम जाईल. पण मडकी खोटी नेली, तर दर मोजणीला मावशींना लपावं लागेल."

ज्याचं घर जाऊ शकत होतं, त्यानंच पहिलं पाऊल टाकायला हवं होतं. मोतन पुढे आली. तिनं हातातला चिंचोका सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मोतन," ती भट्टीवरच्या आवाजात म्हणाली. "दर्यापारची. या खोऱ्यातली."

चिंचोका कोऱ्या मडक्याच्या तळाशी टणकन वाजला. तिच्यामागून तिची माणसं आली, मग डोंगरवाले, मग मेंढरंवाले, मग नदीवाले. जो तो आपापल्या मडक्याकडे गेला. मोजणी संपली तेव्हा शिडाच्या मडक्याचा जेमतेम तळ झाकला होता. तो सगळ्यांनी पाहिला. मग मामांनी गाडी जुंपली, कान्हूबाबांनी मडक्यांखाली पेंढा घातला, आणि गाडीमागून चालत जायला चारही वस्त्यांतली माणसं निघाली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, माणसं मोजावीत ती कोण कोण आपल्यात आहेत हे कळावं म्हणून. कुणाला घालवायचं हे ठरवण्यासाठी कधीच मोजू नयेत.