काळीतली भिंत

"भिंत चुकली का जमीन, तेवढं सांगा. बाकी मला काही ऐकायचं न्हाई."

वैजनाथ गवंडी उभ्यानंच बोलला. पाया पडायचंही त्याला सुचलं नाही.

महालिंग आप्पा मठाच्या ओट्यावर सुपात हुलगे निवडत बसले होते. त्यांनी खडा उचलला, बाजूला ठेवला. मान वर केली नाही.

"बस," म्हणाले.

तो बसला नाही. मी बसलो. सांगवीच्या पंचांनी मला सोबत धाडलं होतं. आप्पा काय म्हणतात ते जसंच्या तसं गावात येऊन सांगायचं, एवढंच माझं काम.

आप्पा म्हणजे आमच्या भागातले पहिल्या नंबरचे गवंडी. पुढं माळावरच्या मठाची गादी त्यांच्याकडं आली, तरी हातातली थापी सुटली नाही. शिष्याला ते आधी दगड लावायला शिकवत आणि मग जप. वैजनाथ त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणायचा. आणि खरंच होतं ते, म्हणून कुणाला काही बोलता यायचं नाही.

तसा आमच्या सांगवीचा माणूस जन्मतोच नाक वर करून. दोष जमिनीचा आहे. आमची काळी जमीन पुरुषभर खोल. तिच्यातल्या शाळूची भाकरी खाऊन वाढलेला माणूस दुसऱ्या गावी पंगतीत बसला, की पहिल्या घासाला तोंड वाकडं करतो. मीही करतो.

तर अशा काळीत वैजनाथनं देवाचा सभामंडप बांधला.

जुनी माणसं सांगत होती, घर पांढरीला आणि पीक काळीला. गाव उगाच पांढऱ्या मातीच्या टेकाडावर वसलेलं नाही. पण वैजनाथ म्हणाला, शिवारातलं सगळ्यात कसदार रान माझ्या बापाचं. देवाला तेच देणार. उरलीसुरली जागा देवाला द्यायची का? सांगवीला हे बोलणं फार आवडलं. मीही मान डोलावली होती.

पाया खणताना खाली पांढरं, टणक काहीतरी लागलं. त्याला वाटलं मुरूम लागला, म्हणून तिथूनच पाया भरला. ती होती काळीच्या पोटातली चुनखडी. तिच्याखाली परत काळीच.

मंडप असा उभा राहिला की बाहेरगावचे लोक बघायला यायचे. दारावर मोठा दगड बसवला. त्यावर बापाचं नाव, शिवरुद्र, आणि खाली स्वतःचं.

पावसाळ्यात जमीन फुगली. उन्हाळ्यात आवळली. भिंतीला तडा गेला. त्यानं तो चुन्यानं भरला. दुसऱ्या वर्षी त्याच तड्यात हात जाऊ लागला. परत भरला. गेल्या सोमवारी भजनाला बायका बसल्या होत्या आणि कमानीतला दगड निसटून एका लेकुरवाळीच्या पुढ्यात पडला. पोर वाचलं. पंच म्हणाले, मंडप पाडा. वैजनाथ म्हणाला, लोखंडी पट्ट्या आवळतो, पण दगडाला हात लावू देणार नाही. शेवटी ठरलं की आप्पा म्हणतील ते करायचं.

आता आप्पांनी सूप खाली ठेवलं.

"पाया घेताना विचारायला आला न्हाईस."

"तुम्हीच म्हणाला होतात, आता शिकून झालं. आता विचारायला येऊ नको."

आप्पांनी हात झटकले.

"म्हणालो होतो," ते म्हणाले आणि उठले. "चल."

आम्ही माळ उतरू लागलो. वैशाखातलं ऊन होतं. आप्पा पुढं, वैजनाथ मागं, त्याच्या मागं मी. मठापाशी पायाखाली नुसता मुरूम आणि मध्येमध्ये उघडा खडक. आप्पांनी टाच आपटली.

"हितं भिंत राहती?"

"राहती."

"का?"

"खाली खडक हाय. हलायला मातीच न्हाई."

"माती कुठं गेली?"

वैजनाथनं हात लांब करून खाली बोट दाखवलं. तिथं ओढ्याच्या दोन्ही अंगाला आमचं काळं शिवार पसरलं होतं.

"आमच्याकडं," तो म्हणाला. त्या शब्दातसुद्धा ताठा होता. वर्षानुवर्षं पाण्यानं माळ धुऊन माती खाली आणली, ही जणू सांगवीचीच कर्तबगारी.

उताराच्या मध्यावर गुडघाभर खोलीची तांबूस-करडी जमीन लागली. तुरीचे खुंट तसेच उभे होते. तिथं आप्पा थांबले नाहीत. मग उतार संपला आणि आम्ही काळीत पाय ठेवला.

उन्हाळ्यात ज्यानं काळी पाहिली नाही त्याला सांगून खरं वाटायचं नाही. सगळं रान फाटलेलं असतं. भेगा अशा, की शेळीचा पाय अडकून मोडतो. आम्ही बघूनबघून पाऊल टाकत होतो.

वैजनाथची मात्र चाल बदलली. भांडायला आलोय हे तो विसरला. त्यानं एक ढेकूळ उचललं आणि आप्पांनाच सांगू लागला. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पाणी आलं की खालची फुगून वर येते, म्हणजे ही जमीन स्वतःची नांगरट स्वतः करून घेते. हिवाळ्यात आभाळातून थेंब पडत नाही, तरी पोटातल्या ओलीवर शाळू कणसाला येतो. एकदा पाणी धरलं की ही सहजी सोडत नाही. अशी जमीन दुसरीकडं दाखवा, म्हणाला.

आप्पा ऐकत होते. पोराचं कौतुक ऐकणाऱ्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"ओळंबा दे," ते म्हणाले.

वैजनाथच्या कमरेला भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा कायम असायचा. पितळी होता. शिकून झाल्यावर आप्पांनीच दिलेला. त्यानं सोडून हातात दिला.

आप्पा एका भेगेशी उकिडवे बसले. दोरी धरून ओळंबा आत सोडला. तो खाली जात राहिला… दोरी सरत आली… शेवटची गाठ बोटांत आली.

आप्पांनी बोटं उघडली.

वैजनाथ गुडघ्यांवर पडला. खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला काहीच लागलं नाही.

"काय केलंत हे…"

"येईल वर."

"कधी?"

"तिच्या मनाला येईल तवा. हिच्या पोटात दगड राहतो का? तू हितलाच. तूच सांग."

वैजनाथनं हात बाहेर काढला. मग हळू आवाजात म्हणाला, "न्हाई राहत. दरसाल वर ढकलती. दरसाल येचतो आम्ही."

"येचून कुठं टाकता?"

"बांधावर."

"बांधावर," आप्पा म्हणाले. "आन् तू हिच्या छातीवर रचलेस."

 लांब ओढ्याकडं टिटवी ओरडत होती.

बऱ्याच वेळानं वैजनाथनं हात जोडले. डोळे खाली. त्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"कळलं, आप्पा. माळानं सगळं देऊन टाकलं, म्हणून तो हलत न्हाई. काळीनं सगळं गोळा केलं, म्हणून ती पाण्यानं फुगती आन् उन्हानं फाटती. माझंबी तसंच झालं. लोक वा म्हणाले की फुगलो. आता माळासारखं व्हायचं."

मला वाटलं झालं. एखादा कीर्तनकार असता तर इथंच त्यानं आरतीचं ताट फिरवलं असतं.

आप्पा मात्र रागावले. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच दिवशी ऐकला.

"माळावर शाळू बघितलास कधी?"

"…न्हाई."

"मी तिथं हुलगे खातो. उमर गेली हुलगे खाण्यात. आन् तू माळ व्हायचं म्हणतोस?"

वैजनाथ गोंधळला.

"काळी फुगती म्हणून पाणी धरती. पाणी धरती म्हणून चार गावं शाळू खात्यात. तिला कुणी सांगितलं का, फुगू नको? माळाकडं का बघतोस, तिच्याकडं बघ."

त्यानं बघितलं. मीही बघितलं. रोजचंच रान होतं ते. पण त्या घटकेला मला आमच्या जमिनीचा फार अभिमान वाटला. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आप्पांचा राग उतरला. ते वैजनाथच्या शेजारी मातीत बसले.

"तुझी भिंत बघून गेलोय मी. पाडवा झाल्यावर आलो होतो. तू गावात नव्हतास."

वैजनाथनं चटकन वळून बघितलं. एवढ्या सगळ्यात भिंत कशी वाटली, हा एकच प्रश्न त्याच्या जिवाचा होता. तो त्याला तोंडानं विचारताही येईना.

"मी हात फिरवला तिच्यावर," आप्पा म्हणाले. "सांधा लागला न्हाई बोटाला. तसली भिंत मला जन्मात जमली न्हाई."

वैजनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलंही नाही. मला त्याचा इतके दिवस राग येत होता, तो तिथं गेला. ज्याच्या गुरूनं असं म्हटलं, त्यानं नाक वर करायचं नाही तर कुणी करायचं?

आता आप्पा पुढं सांगतील, म्हणून मी वाट बघत होतो. पाडा किंवा पट्ट्या आवळा. पंचांना मला एक शब्द न्यायचा होता.  आप्पा नुसते बोटानं भेगेच्या कडेची माती आत सारत राहिले.

उन्हं कलली.

"त्या बाईचं पोर…" वैजनाथ म्हणाला. मग थांबला. भेगेकडं बघत राहिला.

"उद्या पाडायला घेतो," तो म्हणाला. "मीच पाडतो. दुसऱ्या कुणी तिला पहार लावायची न्हाई. दगड एकेक उतरवून पांढरीला नेतो."

आप्पांनी मान डोलावली.

वैजनाथ उठला. हातापायांची माती झटकली. दोन पावलं गेला आणि परत वळला. आवाज एकदम लहान झाला होता.

"पर आप्पा… दारावरच्या दगडावर बापाचं नाव हाय. सारा गाव बघंल खाली उतरताना. त्या नावाचं काय करू?"

आप्पा उठले. फाटलेल्या रानावरून त्यांनी एकदा नजर फिरवली, पार ओढ्यापर्यंत.

"नावाला दगड कशाला? काळी तुझ्या बापाचीच हाय…" ते म्हणाले. "पेर."