पाचव्या सोमवारची सायकल

"...मग काय करू चाचा? मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बॅगा लावू, की हँडलला पुढे एकच?"

दस्तगीर चाचांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेच्या आसपासच्या बाजारांना सायकलवरून काचेच्या बांगड्या नेल्या होत्या. ओझं कसं बांधावं हे विचारायला लोक अजून त्यांच्या अंगणात येत.

आज आले होते शेखर मगदूम, सांगलीतल्या विम्याच्या ऑफिसातले साहेब. मिरजेहून सांगलीला रोज सायकलनं येणार, असं त्यांनी ऑफिसात सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं. त्याला चार सोमवार झाले. दर सोमवारी काहीतरी घ्यायचं राहून जाई आणि साहेब मुकाट्यानं मोटार काढत. आता शिपायापासून सगळे तोंडावर हसायला लागले होते. आज पाचवा सोमवार, आणि सकाळचे आठ वाजले होते.

"काय न्यायचंय ते दाखवा तरी."

मगदूमांनी सतरंजीवर दुकानच मांडलं. लॅपटॉप, डबा, जास्तीचा शर्ट, रेनकोट, दिवा, कुलूप, हातपंप, चाकाच्या दोन ट्यूब.

"ट्यूब कशाला?"

"वाटेत पंक्चर झालं तर..."

"बदलता येते?"

"व्हिडिओ पाहिलेत की. भरपूर."

चाचा उठले. गोणपाट शिवायच्या दाभणानं त्यांनी मागच्या चाकाला भोक पाडलं.

सुस्स...

"अहो, काय केलंत हे! नवी सायकल आहे!"

"सामान आहे ना सगळं तुमच्याकडं," चाचा म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

मगदूमांना राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. खरं सांगायचं तर बॅगेची काळजी त्यांना कधी नव्हतीच. सांगली रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलेला साहेब कुणी ओळखीच्यानं पाहिला तर... ही धास्ती होती.

ट्यूब बदलायला पाऊण तास लागला. टायर दोनदा निसटला, बोटाचं सालटं निघालं. गल्लीतून जाणाऱ्या चौघांनी विचारलं, "काय साहेब, पंक्चर?" पहिल्याला उत्तर देताना मगदूमांची कानशिलं तापली. चौथ्याला त्यांनी मान वर न करताच "हो" म्हटलं.

चाक टणक झालं. हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"बॅगेचं राहिलंच, चाचा..."

चाचांनी डबा, लॅपटॉप, हातपंप आणि उरलेली ट्यूब एवढंच उचललं, कॅरिअरवर ठेवलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. बाकीचं सतरंजीवरच राहिलं.

मगदूम हात धुवायला नळाकडे वळले. चाचा आडवे आले.

"राहू द्या तसेच, साहेब. ऑफिसात बघू देत सगळ्यांना. निघा आता."