पोतनीस साहेबांनी दाखवलेला वापर

मधमाश्या पाळणाऱ्या एका गावातल्या शाळेत पोतनीस साहेब इंग्रजी तपासायला आले. वेणूबाई मास्तरीणबाईंवर ते गुरकावले, "'चिकन आउट' वापरून दाखवा, नाहीतर नोकरी गेली समजा!"

बाईंना अर्थ ठाऊक होता, आयत्या वेळी कच खाणं. (तुम्ही कोंबडी कापायला धावू नका!) पण घाबरून वाक्यच सुचेना.

"साहेब, आधी गावचा मान घ्या," त्या म्हणाल्या. "पाहुण्यानं पेटीतलं पोळं उघड्या हातानं उचलायचं असतं."

"त्यात काय! आणा."

झाकण उघडलं, माश्या घोंघावल्या आणि साहेब भिंतीला चिकटले. "नको नको, आज माझा उपास आहे!"

"झालं की साहेब! याहून चांगला वापर मला कुठला जमायला?"

साहेबांनी मुकाट्यानं 'उत्तम' असा शेरा मारला, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.