ओ देणारे पठार

शेंडवाडीच्या पठारावरून काळघळीत उतरायची वाट जिथे सुरू होते, तिथे कड्याच्या अलीकडे एक सपाट काळा दगड आहे आणि दगडाच्या पायथ्याशी कातळाला पडलेली एक चीर. चीर मनगट जाईल एवढीच रुंद, पण तिच्यात खडा टाकला तर तो बराच वेळ आपटत खाली जात राहतो. दगडाला शेंदूर नाही, त्यावर फूल नाही. चिरेच्या काठाला मात्र दोर घासून पडलेल्या खाचा आहेत, बोट फिरवले तर गुळगुळीत लागतात. याला ठमाईची बसण म्हणतात.

घळीतून खाली नदीला जाणारी मंडळी इथे थांबतात. त्या दिवशी थांबणे भागच होते. धुके असे दाटले की पुढे घळ दिसेना आणि मागे वाडी दिसेना. पुण्याहून आलेल्या मंडळींना वाट दाखवणारे लहानूबाबा दगडाशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आता कुणी हलायचं नाय. कडा हितं हाय का तितं, मलाबी दिसंना."

"बाबा, तुम्ही तर डोळे मिटून उतरतो म्हणाला होतात," पेठे नावाच्या गृहस्थांनी चिमटा काढला.

"उतरतो की. पण मागनं तुमीबी मिटून याल, त्याचं काय?"

सगळे हसले. हसणे फार लांब गेले नाही, आसपासच कुठेतरी जिरले. धुके विरेपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नव्हते, तेव्हा बाबांनी ठमाईची हकीकत सांगितली.

फार पूर्वी म्हणे, या पठारावर घळीच्या हाकेला ओ देत नसत. घळ माणसाच्या आवाजात बोलावते, ओ दिली की तिला माणसाचा पत्ता लागतो आणि मग ती त्याला ओढून घेते, असा सगळ्यांचा समज. मुलांना चालायला यायच्या आधी हे शिकवले जाई. घळीकडून हाक आली की कानात बोटे घालायची आणि घराची वाट धरायची.

ठमा या वाडीत सून म्हणून आली, तेव्हा सासूने तिला पहिल्या दिवशी पाण्याची वाट दाखवली आणि दुसऱ्या दिवशी हे सांगितले. पाणी त्या काळी घळीच्या पोटात होते. कातळात एक गुहा, गुहेत झरा. वैशाखात झरा गाळाने बुजे आणि तो उपसायला आळीपाळीने घरातला एकेक गडी उतरे. त्या वर्षी पाळी ठमाच्या नवऱ्याची, गोमाची होती. झरा उपसून तो तसाच खाली बाजाराला हिरडा घेऊन जाणार होता, म्हणून तो परतला नाही याची कुणाला काळजी वाटली नाही.

त्या दिवशी ठमा सासूबरोबर याच बाजूला गोवऱ्या वेचत होती. जमिनीखालून आल्यासारखी हाक आली. शब्द कळत नव्हते. ठमा थबकली. सासू म्हणाली, "कानात बोटं घाल." ठमाने घातली. दोघी टोपल्या तिथेच टाकून घरी गेल्या. संध्याकाळी हाक पुन्हा आली आणि वाडीने दारे लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी टोपल्या आणायला दोघी आल्या. ऊन वर आले होते, वारा पडला होता आणि या चिरेतून आवाज स्पष्ट वर येत होता.

"ठमे, शेळी बांधलीस का? आंब्याला बांधू नको. तो दोर कच्चा हाय."

ठमा जागीच उभी राहिली. आदल्याच दिवशी दोर तुटून शेळी सुटली होती आणि ती दुपारभर शोधत फिरली होती. घळीला माणसाचा आवाज काढता येत असेल. शेळीच्या दोराचे तिला काय ठाऊक?

ती चिरेकडे धावली. सासूने मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. "मरशील! बोलू नको!" दोघींची झटापट चालली असताना खालून पुन्हा आवाज आला.

"आय हाय का तितं?"

सासूचा हात सैल पडला, असे सांगतात. ती मटकन खाली बसली आणि चिरेला तोंड लावून म्हणाली, "हाय रं. हाय."

मग काय झाले ते कळले. गोमा गुहेत असताना वरची दरड सुटली होती आणि एक धोंडा येऊन गुहेचे तोंड बंद झाले होते. गोमाला इजा नव्हती. प्यायला पाणी होते. उजेडाची एक रेघ वरून येत होती, ती याच चिरेची. पण बाहेर यायला वाट नव्हती.

वाडीतला प्रत्येक गडी पहार घेऊन घळीत उतरला. धोंडा हलण्यातला नव्हता, तेव्हा कडेने कातळ फोडायला घेतला. घाव घालायचा, टवका उडवायचा, पुन्हा घाव. ठमा वर या दगडावर बसली. वेळूच्या नळकांड्यात नाचणीची पेज भरून ती वाखाच्या दोराने खाली सोडी. गोमा पेज पिऊन नळकांडे झऱ्यात बुडवी आणि दोराला हिसका देई. झरा त्याच्याबरोबर कोंडला गेला होता, वाडीला थेंब मिळेना, तेव्हा बाहेरच्यांना पाणी आतला माणूस पाजत होता. पहिले नळकांडे वर आले तेव्हा खालून तो ओरडला, "शेळीला आधी पाज. तिला बोलता येत न्हाय."

"आनि मला येतं म्हनून मी तहानलेली ऱ्हाऊ?" ठमा म्हणाली.

खालून हसण्याचा आवाज आला. ते तिने पुढे आयुष्यभर लोकांना सांगितले, की तो हसला होता.

पण दिवस सरत गेले तसे गोमाचे बोलणे कमी झाले. शेळीची चौकशी थांबली, बाजाराची थांबली. एवढेच विचारी, "ठमे, आहेस का?" आणि ती म्हणे, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा तेच. कोंडलेल्या माणसाला भिंती जवळ येत असल्यासारख्या वाटतात, आणि वरचा आवाज आला की त्या असतील तिथे थांबतात, असे त्याने तिला सांगितले होते म्हणे. म्हणून ती दगडावरून उठेना. भाकरी तिथेच खाई, डोके टेकायचे ते चिरेशी. सासू नळकांडी भरून देई आणि परत जाई.

खाली कातळाला भोक पडले. आधी बोटे गेली, मग हात गेला. गोमाने आतून हात बाहेर काढला आणि गड्यांनी तो हातात धरून पाहिला. आणखी एक दिवस, ते म्हणाले. उद्या खांदा निघेल, खांदा निघाला की माणूस निघाला.

त्याच दुपारी वरच्या डोंगरावर वळीव कोसळला. पठारावर थेंब नव्हता, पण घळीत पाणी कसे येते हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. लोंढ्याचा आवाज ऐकून गड्यांनी पहारी टाकल्या आणि ते जीव घेऊन कडेने वर चढले. ठमाला चिरेतून ऐकू आले, "ठमे, आहेस का?" ती म्हणाली, "आहे." पुन्हा आले, पुन्हा तिने सांगितले. मग पाण्याच्या गर्जनेत विचारणे ऐकू येईनासे झाले. तरी ती सांगत राहिली. विचारले असेल आणि आपण ओ दिली नाही, असे व्हायला नको होते.

पाणी ओसरल्यावर तिने दोर ओढला. नळकांडे भरलेले होते. पाणी तांबडे होते.

गडी खाली गेले तेव्हा लोंढ्याने धोंडा बाजूला लोटला होता. गुहा उघडी होती. आत कोणी नव्हते. नदीकाठानेही कोणी सापडले नाही.

लोक ठमाला म्हणाले, नशिबाचा भाग. ती म्हणाली, "एक दिवस कमी पडला. तो आपण कानात बोटं घालून घालवला." एवढेच. दोष कुणाला दिला नाही. तिने सासूला शेवटपर्यंत सांभाळले. पण त्या दिवसापासून घळीकडून, रानातून, कुठूनही हाक आली की ती "आहे" म्हणे. गुराख्याने गाईला हाक मारली तरी, मोर ओरडला तरी. लोक तिला खुळी म्हणू लागले. मग आषाढाच्या धुक्यात एक मिठाचा व्यापारी बैलासकट पठारावर चुकला. घाबरून त्याने हाक मारली. ठमाने ओ दिली. तो आवाजाच्या रोखाने चालत आला आणि बसणीपाशी पोचला. धुके विरले तेव्हा आपण कुठून आलो ते त्याने पाहिले. बैलाच्या खुरांचे ठसे कड्याच्या अगदी कडेने आले होते.

त्यानंतर तिला कुणी खुळी म्हटले नाही. ठमाई गेली तेव्हा तिला खांदा देणाऱ्यांनी या दगडावर हात ठेवून शब्द दिला, असे सांगतात.

आजही शेंडवाडीत हाक आली की ओ देतात. चुलीपुढची बाई हातातली भाकरी टाकून दारात येते. कोण, कशाला, हे विचारायचे नसते. घळीत माणसे उतरली की वाडीतले कुणीतरी बसणीवर थांबते, आणि नदीवरून शेवटच्या माणसाची हाक आली, तिला ओ दिली, की मगच घरी वळते.

लहानूबाबा थांबले. धुके तसेच होते. तेवढ्यात डावीकडून, की मागून, एक हाक आली. शब्द कळले नाहीत.

"आहे!" बाबांनी बसल्या जागेवरून ओ दिली.

"कोण आहे, बाबा?" पेठ्यांनी विचारले.

"काय ठावं."

हाक पुन्हा आली. या खेपेला बाबांच्या आधी पेठ्यांनीच ओ दिली.