मंजुळा आणि मायाळूचा वेल

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या एका गावात सगुणा नावाची कुंभारीण राहत होती. नवरा चाक फिरवायचा, सगुणा माती मळायची. त्यांना एकुलती एक लेक, मंजुळा. पाच वर्षांची, गोड पोर, पण जेवण म्हटलं की नाक मुरडायची. भाकरी दिली तर तोंड फिरवायची, दूध दिलं तर मांजराला पाजायची.

मग काय, मंजुळा हलकी होऊ लागली. आधी ओल्या मातीत तिची पावलं उमटेनाशी झाली. मग खेळता खेळता ती वीतभर वर तरंगू लागली. आणि एक दिवस थेट आढ्यालाच जाऊन टेकली, बरं का! सगुणानं तिला कशीबशी खाली ओढली. मग दोघींच्या कमरेला एकच दोरी बांधून ती माती मळू लागली. वर पोरगी खुदुखुदु हसायची. खाली सगुणा दोरीची गाठ पुन्हा पुन्हा आवळायची.

शेजारी काशाक्का नावाची म्हातारी होती. ती म्हणाली, "सगुणे, हिला तुझ्या हातानं पिकवलेली पालेभाजी खाऊ घाल. पाय भुईला लागतील."

"पण आक्का, आमच्याकडं वावर कुठाय?"

"अगं, कुंभाराच्या घरी मडक्यांना काय तोटा?"

मग सगुणानं भट्टीत तडकलेलं एक मडकं घेतलं आणि मेथी पेरली. दिवसातून दहादा पाणी घातलं. मेथी सडून गेली. मग दुसऱ्या मडक्यात लाल माठ पेरला. तो छान तरारला, पण एका सकाळी शेजारची बकरी आली आणि सगळा फस्त करून गेली. सगुणा तिथंच बसून रडली.

"आये, रडू नको ना," मंजुळा वरून म्हणाली. तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

मग काशाक्कानं मायाळूच्या भाजीच्या वेलाचं एक कांडं आणून दिलं. जांभळट, बोटाएवढं. सगुणानं मडक्याला खाली भोक पाडलं, शेणखत घातलं, भोवती काटेरी कुंपण केलं. आता ती आधी बोटानं माती चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी घालायची. आणि वेलाशी बोलायची, "माझी लेक वर चाललीय रे. तूही लवकर वर ये."

वेल ऐकत होता, बरं का. बघता बघता छपराला लागला. पानं कशी जाड, तुकतुकीत!

एका दुपारी वारा सुटला. दोरी तटकन तुटली. मंजुळा छपरावरून गेली, चिंचेवरून गेली, वर, आणखी वर, पार ढगांपाशी गेली. "मंजुळे!" सगुणा हात पसरून धावली. तेवढ्यात मायाळू सळसळला. छपरावरून उठला आणि सरसर आभाळात चढला. त्यानं मंजुळेच्या पायाला हळूच वेढा घातला.

"पान खा गं, बाळे!" सगुणा खालून ओरडली.

"बुळबुळीत लागतं, आये!"

"लागू दे. एकच खा. माझ्यासाठी."

मंजुळेनं डोळे मिटून एक पान खाल्लं. ती चिंचेच्या शेंड्यापर्यंत उतरली. दुसरं खाल्लं, छपरापर्यंत आली. तिसरं मात्र तिनं आपणहून खुडलं, आणि धपकन आईच्या कुशीत पडली! सगुणा तिच्यासकट भुईवर बसली.

"अगं बाई, केवढी जड गं तू!" ती म्हणाली. हसत होती, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

वेल हळूहळू उतरला आणि छपरावर उन्हात निजला. पुढं मंजुळा रोज त्याचे कोवळे शेंडे खुडायची, मुळाला धक्का न लावता. वेल पुन्हा फुटायचा. घरात रोज भाजी शिजायची, सगळी माणसं पोटभर जेवायची, सुखात राहायची.

झाली गोष्ट. पांघरूण घ्या बरं अंगावर, आणि निजा आता.